डागणीच्या दिवशी थर्मन टीग

उन्हाळाभर गावात पाहुण्यांच्या गाड्या येतात आणि प्रत्येकाला आधी काऊबॉय बघायचा असतो. म्हणून संग्रहालयवाल्यांनी दारातच म्हाताऱ्या थर्मन टीगला उभा केलाय. लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. थर्मन हसतो. नोकरीच ती, न हसून करतो काय!

पण वायोमिंगच्या या मुलखात माणसाची किंमत संग्रहालयात ठरत नाही. ती ठरते वसंतात, वासरांना डाग द्यायच्या दिवशी. मदतीला शेजारीपाजारी सगळे जमतात, पण घोड्यावरून वासरांना धरायला दोरीचा फास कोणी टाकायचा ते मालक नाव घेऊन सांगतो. नाव घेतल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही. हॅचांच्या रँचवर, त्यांच्या गुरांच्या मळ्यावर, थर्मनचं नाव कायम पहिलं. गेल्या साली खुबा मोडून तो खाटेवर पडला, तेवढंच चुकलं. यंदा मालकीण लोर्ना हॅचचा निरोप आला आणि गड्याचा जीव थाऱ्यावर राहिना.

"नाव घेईल ना गं ती?" त्याने बायकोला विचारलं.

"न घ्यायला काय धाड भरलीय? घोड्यावर बसायला तूच शिकवलंस तिला," आयडेला म्हणाली.

सकाळी तो आपल्या बॅजर घोड्यावर खोगीर कसून हजर झाला. लोर्नाने नावं घेतली. त्याचं नव्हतं. मग ती जवळ आली, बॅजरची मान थोपटत म्हणाली, "थर्मनकाका, यंदा शिकागोची पाहुणेमंडळी आलीयत. कुंपणापाशी उभं राहून त्यांना जरा समजावून सांगा ना. तुमच्यासारखं बोलायला कुणाला जमतंय इथे?"

"सांगतो की."

आतून पार मेला होता बिचारा. पण मालकिणीशी हुज्जत घालायची रीत नाही. दिवसभर तो बोलत राहिला आणि बॅजर खांबाला बांधलेला, माश्या हाकत.

दिवसभर फास टाकला की खोगिराखालची घोंगडी घोड्याच्या घामाने चिंब होते. घरी ती कुंपणावर वाळत घालायची, म्हणजे कोरडी राहिलेली आयडेला बघणारच. परतताना थर्मन ओढ्याशी उतरला आणि त्याने घोंगडी पाण्यात बुडवून पिळली. स्वतःचीच लाज वाटली त्याला, तरी बुडवलीच.

आयडेला अंगणात आली. तिने घोंगडी चाचपली, बोटं नाकाशी नेली. घामाचा वास कुठला यायला!

"दमला असशील," ती म्हणाली. "बस इथे."

चोळायचं तेल घेऊन ती त्याचा फास टाकायचा हात खांद्यापासून खाली रगडू लागली. थर्मनने हात काढून घेतला नाही.