चॅटमधला सप्रेम नमस्कार

शेजारच्या सुलभाताई आजाऱ्यांना वॉकर, व्हीलचेअर विनामूल्य वापरायला देतात. त्यांच्या छोट्या संस्थेची वेबसाइटही कुणीतरी अशीच फुकट सांभाळतं. काल ती बंद पडली, तेव्हा ताईंनी मदतीच्या चॅटमध्ये सावकाश टाइप केलं, ‘सप्रेम नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे?’ मग अडचण, आणि शेवटी ‘आपली नम्र’. बाजूला बसून वाचताना मला हसू आलं. दोन शब्दांत काम झालं असतं.

थोड्या वेळाने वेबसाइट सांभाळणाऱ्याचं उत्तर आलं, ‘वेबसाइट सुरू झाली. मी बरा आहे. इथे हे कुणी विचारत नाही.’

ताईंनी गुडघा चोळत ते पुन्हा वाचलं. वॉकर न्यायला येणारेही वॉकरबद्दलच बोलतात. आणि मी तर रोज भेटते, पण ताईंची विचारपूस कधी केली नव्हती.

‘ताई,’ मी म्हटलं, ‘तुमचा गुडघा कसा आहे?’