तेहतीस कोटींना सतरानं भाग

बजाजनगरातल्या एका खाजगी क्लासमध्ये मी गणित शिकवतो. दहावीची खास तुकडी पहिल्यापासून माझी. मग नव्या मॅडम आल्या आणि फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक संख्या लिहू लागल्या. ही पूर्ण वर्ग, ही परिपूर्ण, ही उलटी वाचली तरी तीच. पोरं त्या कोपऱ्याचे फोटो स्टेटसला ठेवायची. माझा फोटो एकदाच निघाला, तोही शर्टाच्या पाठीवर खडूचा पंजा उमटला होता म्हणून.

त्यात मालकांनी जाहीर केलं, "रविवारी पालकांसमोर दोघं एकेक धडा घ्या. पालक म्हणतील त्याला दहावी." आधी मी, मग मॅडम.

मोबाईलवर शोधून मी एक हत्यार आणलं. ३१ ही मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणीच पूर्ण भागू शकत नाही. पुढं एक तीन लावा, ३३१. तीही मूळ. ३३३१, मूळ. असं करत मी ३,३३,३३,३३१ पर्यंत पोचलो. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर मॅडमच्या कपाळाला आठी. जळतेय, म्हटलं. लई बरं वाटलं.

वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट उरकून आलेले एक वडील ओरडले, "सर, अजून एक तीन लावा की!"

माझं वाचन तिथंच संपलं होतं. खाली आणखी मजकूर होता, पण तेवढ्यात चहा आला होता. हात मात्र थांबेना. ३३,३३,३३,३३१.

"तेहतीस कोटी! देवांइतकी झाली की!"

"हीसुद्धा मूळ," मी म्हणालो. "खुशाल कुणालाही विचारा."

"मॅडमला इचारू का?"

मॅडम उठल्या. एकदा माझ्याकडं बघितलं. "सर मुद्दाम फसवायलेत तुम्हाला. सतरानं भागून बघा."

पोरं, आईबाप, सगळे वह्यांवर वाकले. १,९६,०७,८४३. बाकी शून्य.

"सर लई बेरकी हायेत!" ते वडील खूश होऊन म्हणाले. मीही बेरक्यासारखं हसलो. दुसरं काय करणार?

मग मॅडमची पाळी. त्यांनी सहा स्वतः सोडून सहाचे विभाजक एक, दोन, तीन लिहिले, बेरीज पुन्हा सहाच येते हे दाखवलं आणि खाली बसल्या. दहावी मला मिळाली.

बाहेर गाड्या काढताना विचारलं, "सतरा कुठून काढलं हो?"

"आधीच्या क्लासमध्ये दरवर्षी मी हाच सापळा लावायचे, सर. आजही तोच लावणार होते. तुम्ही ३३१ लिहिलं तेव्हाच गेला तो."

"मग सरळ सांगायचं ना, चुकलं म्हणून!"

"पोरांसमोर?" म्हणाल्या आणि हेल्मेट घालून गेल्या.

माणसानं इतकं चांगलं असू नये. दुसऱ्याला धड जळतासुद्धा येत नाही. मी मात्र तरी जळतो.

आता त्या शेजारच्या खोलीत सहावीला शिकवतात. मधे प्लायवूडचं पार्टिशन आहे. दहावीला उदाहरण सोडवायला देऊन मी पार्टिशनजवळ उभा राहतो. परवा तिकडं सगळी पोरं एकदम ओरडली, "नाय मॅडम, भाग जातच नाय!" आणि मोठा हशा झाला. कान लावून ऐकलं, पण संख्या कोणती ते काही कळलं नाही.