पाइपातली घुडघुड

मी पाण्याला भितो असं सांगितलं तर खाणीवरचे माझे जुने सोबती हसतील, कारण बावीस वर्षं माझं काम पाणी उपसण्याचंच होतं. डिचोली तालुक्यातल्या एका लोहखनिजाच्या खाणीवर मी पंप चालवायचो. खड्डा खोल गेला की झऱ्यांचं पाणी आत येतच राहतं आणि ते दिवसरात्र बाहेर काढावं लागतं. तळाला माणसं आणि यंत्रं, वर शेडमध्ये मी आणि माझे पंप. या कामात डोळ्यांपेक्षा कान महत्त्वाचे. पंप गुरगुरतोय म्हणजे खालची माणसं कोरडी आहेत. गुरगुर थांबली की हातातलं टाकून धावायचं.

एका पावसाळ्यात मी शेडमागे पेज जेवायला बसलो होतो. डंपरांच्या गोंगाटात पंप बंद पडलेला मला ऐकूच आला नाही. कळलं तेव्हा तळातला ड्रिलवाला छातीभर पाण्यात उभा होता. दोरी टाकून त्याला वर काढला, तो वाचला. पुढे मात्र तो माझ्याशी कधी बोलला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तेव्हापासून शांतता मला सोसत नाही. घरात पंखा बंद झाला तरी मी दचकून उठतो.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते का केलं ते तरी समजेल. ते शहाणपणाचं होतं असं माझं म्हणणं नाही.

खाणी बंद पडल्या आणि मी मुळगावच्या घरी येऊन बसलो. दोन-तीन वर्षांत बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात आम्ही दोघंच. डॉक्टरांनी सांगितलं, हिला जपा, दगदग नको, गाडीतले धक्के नकोत, आणि झोप पुरी झाली पाहिजे. तिचा पलंग मी बाहेरच्या खोलीत आणला, म्हणजे कुठूनही लक्ष राहील. ती दिवसभर भिंतीकडे बघत पडून असायची. मी दर थोड्या वेळानं आत डोकावून तिची छाती वरखाली होते का ते बघायचो. तिला ते कळायचं. एकदा डोळे मिटूनच म्हणाली, "आसंय मिया अजून."

ती पेडण्याची, त्यातही किनाऱ्यावरची. तिच्या माहेरच्या जनेलात, खिडकीत उभं राहिलं की समोर दर्या दिसतो. लग्न करून मी तिला लाल धुळीत आणली, आणि तीस वर्षांत तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ऑपरेशननंतर एके दिवशी मात्र म्हणाली, "माका दर्या बघूचो आसा." डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, सहा महिने प्रवासाचं नाव काढू नका. सहा महिने. मला त्या आकड्याचीच भीती वाटली. सहा महिन्यांनी ती असेल की नाही, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. मग ठरवलं, दर्याच घरात आणायचा.

म्हापशाला माशांच्या टाक्या विकणारा एक दुकानदार होता, माझ्याच वयाचा, बोलायला तुसडा. त्याच्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी होती. आत दगडांवर प्रवाळं, बोटांसारखी हलणारी, हिरवी आणि जांभळी. "हीं टाकयेंतच वाडयल्लीं," टाकीतच वाढवलेली, असं त्यानं दोनदा सांगितलं. दर्यातून तोडून आणणं गुन्हा आहे, आपण तसला धंदा करत नाही, असंही वर बजावलं. मी म्हटलं, मला फक्त पाइपांचं सांगा, बाकी तुम्ही सांगाल तसं करतो. पाइपांचं मला कोणी शिकवावं, याचा खरं तर राग आला होता. पण ही खाण नव्हती, हे मला कळत होतं.

टाकी तिच्या पलंगासमोर मांडली. वर मोठी काच, खाली कपाटात दुसरी, लहान टाकी. वरचं पाणी मागच्या कोपऱ्यातल्या पेटीतून पाइपानं खाली उतरतं, तिथे गाळलं जातं आणि लहान पंपानं परत वर जातं. पहिल्या दिवशी पंप सुरू केला आणि घरभर घुडघुडाट झाला. पाइपात पाणी आणि हवा एकत्र उतरत होती, तळाशी आपटत होती. बायकोनं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे लाल.

"खाणीतलो पंप घरात हाडल्यात काय?" तिनं विचारलं.

मला लाज वाटली. तिची झोप मीच मोडली होती, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच सांगितलं होतं. मग हात धुऊन मागे लागलो. उतरत्या पाइपाला फिरवायच्या चाकाचा गेट व्हॉल्व्ह बसवला. हे चाक थोडं थोडं आवळत गेलं की एक जागा अशी येते, जिथे पाइप पाण्यानं गच्च भरून वाहतो, हवेला शिरायला वावच राहत नाही, आणि आवाज नाहीसा होतो. पाइप तुंबला तर पाणी जमिनीवर येऊ नये म्हणून शेजारी दुसरा, कोरडा पाइप ठेवला. पंपाखाली जाड रबर घातलं, आणि त्याच्या तोंडाला कडक पाइपाऐवजी मऊ नळी जोडली, म्हणजे थरथर कपाटात उतरणार नाही. वीज गेल्यावर वरचं पाणी उलटं ओढलं जाऊन खाली सांडू नये म्हणून परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीजवळ बारीक भोक पाडलं. मग वीस वेळा स्विच बंद करून बघितलं. दर वेळी पाणी खालच्या टाकीत किती चढतं, तिथे पेन्सिलीनं रेघ मारली. गळती झाली तर वीज तोडणारा स्विचही बसवला, कारण खारं पाणी, वीज आणि तिचे उघडे पाय, एवढं एकत्र माझ्या डोळ्यांसमोर यायचं.

प्रवाळं जगतील असं पाणी मुरायला दीड महिना गेला. प्रवाळ आणायच्या दिवशी मी टाकीत हात घालून एकेक दगड लावला आणि ती पलंगावरून सांगत राहिली, हा इकडे, तो थोडा मागे. संध्याकाळी प्रवाळं उघडली. बायको उशीला टेकून बसली होती, आणि बऱ्याच दिवसांनी तिनं माझ्याकडे बघून हसून म्हटलं, "जमला मगे तुमका." खोलीत काहीच आवाज नव्हता. पाणी वाहत होतं, आणि नव्हतं, असं वाटत होतं.

आनंद झाला हे खरं. पण तो फार तर तासभर टिकला.

कारण त्यानंतर मला घरात बसवेना. पंप चालू आहे की नाही हे ऐकू येत नव्हतं. मी स्वयंपाकघरात भात टाकायला गेलो की मनात यायचं, बंद पडला असेल. येऊन पाइपाला हात लावायचो, आत पाणी सरकतंय ते बोटांना कळायचं, तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा. परसात गेलो की परत तेच. दिवसातून चाळीस-पन्नास खेपा. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, आवाज येत नाही म्हणजे तुमचं काम चोख झालं, लोक यासाठी वर्षं घालवतात. मी फोन ठेवला. त्याला काय सांगणार, की शांत पंप म्हणजे माझ्या लेखी बुडणारा माणूस.

आठवड्यानं मी एक गोष्ट केली. चाक पाव वळसा उघडलं.

पाव वळसा उघडलं की पेटीतलं पाणी जरा खाली जातं आणि पाइप थोडी हवा ओढायला लागतो. घुडघुड, घुडघुड, फार मोठी नव्हे, पण मागच्या दारापर्यंत पोचणारी. पंपानं हवा ओढली तर खाणीत आम्ही एकमेकांची आईबहीण काढायचो. इथे मी ती मुद्दाम ओढायला लावली आणि सुटलो. परसात नारळ सोलतानाही कान त्या आवाजावर ठेवता यायचा. आवाज आहे, म्हणजे घरात सगळं ठीक आहे.

बायकोनं लगेच ओळखलं. "तुमी काय तरी केल्यात," ती म्हणाली. मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "तुमका बरा वाटता तर रवांदे. व्हाळ व्हावता असा समजतंय." घराजवळून ओढा वाहतोय असं ती धरून चालणार होती. तिची झोप हलकी आहे, हे मला माहीत होतं. तरी मी चाक हलवलं नाही.

असे चारेक महिने गेले. प्रवाळं वाढली, एक लहान कोलंबी दगडाखाली घर करून राहिली. बायको तिला सकाळ-संध्याकाळ शोधायची. मधेच पाय सुजायचे, मग गोळ्या बदलायच्या, मग सूज उतरायची. मला वाटायला लागलं होतं की सहा महिने निघतील.

त्या दिवशी जेवणानंतर ती पडली आणि मी परसात गेलो. सोलायला नारळ बरेच होते. दार उघडं होतं, आतून पाइप घुडघुडत होता, आणि मी निवांत होतो. खरं सांगतो, त्या वर्षातला तो माझा सर्वांत निवांत अर्धा तास असेल. काहीतरी गुणगुणतही होतो. पंधरा-सोळा नारळ झाले असतील, आणि घुडघुड थांबली.

मी हातातला नारळ टाकला आणि धावलो. वीज गेली होती. घरात इन्व्हर्टर होता, पण जुना, फक्त तिच्या पंख्यापुरता. पंख्याची पाती माझ्या डोळ्यांसमोर फिरत होती. मी सरळ टाकीपाशी गेलो, खाली वाकलो, पाणी पेन्सिलीच्या रेघेवर थांबतंय ते बघितलं. थांबलं होतं. मग मागे वळलो.

ती पलंगाच्या कडेला अर्धवट बसली होती, दोन्ही हात गादीवर रोवून. ओठ निळसर. तोंड उघडं, आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातीत आवाज होत होता, अगदी तसाच, पाइपासारखा. मला तो आवाज आत्ता पहिल्यांदा ऐकू आला, कारण दुसरा थांबला होता. तिचे डोळे माझ्यावर होते. बोलायला तिच्याकडे श्वासच नव्हता.

शेजाऱ्याची व्हॅन अंगणात होती, हे आमचं नशीब. तिला मागच्या सीटवर बसतीच ठेवून नेली, मी पाठीमागून धरून. रस्त्यातला प्रत्येक खड्डा माझ्या छातीत बसत होता. आधी मी देवाला नवस बोलत होतो, मग नुसताच म्हणत होतो, जाऊ नको गो, जाऊ नको. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी इतका कधीच भ्यालो नव्हतो, ड्रिलवाला पाण्यात उभा दिसला तेव्हाही नाही.

इस्पितळात मास्क लावला, इंजेक्शनं दिली. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. फुप्फुसांत पाणी साठलं होतं, म्हणाले, उतरतंय आता. मग जरा थांबून विचारलं, "असं एकदम होत नाही. सकाळपासून छातीत घुरघुर असणार. जवळ कोणी नव्हतं का?"

"मी होतो," मी म्हटलं.

बावीस वर्षं दुसऱ्यांसाठी पाणी उपसलं, आणि माझ्या समोरच्या पलंगावर ते चढत होतं तेव्हा मी नारळ सोलत होतो.

नऊ दिवसांनी तिला घरी आणलं. नातेवाईक येऊन गेले. प्रत्येकाला शेजारी तेच सांगायचा, हे वेळेवर धावले म्हणून वाचली. मी मान खाली घालून चहा द्यायचो. तिनंही कोणाला काही सांगितलं नाही. मला वाटलं, तिला आठवत नसेल. तसं वाटून मला बरंही वाटलं, हे कबूल करतो.

सगळे गेल्यावर ती टाकीकडे बघत पडली होती. कोलंबी दगडाबाहेर आली होती. पाइप घुडघुडत होता. ती म्हणाली, "आता तो आवाज बंद करा."

मी म्हटलं, करतो, उद्या करतो.

"तीनदा हाक मारलंय मिया तुमका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दम लागू नये म्हणून सावकाश बोलत होती. "तीनदा. मगे लायट गेली. तेव्हा तुमी इलात."

मी टाकीसाठी धावलो होतो, आणि हे तिला त्या दुपारीच कळलं होतं. मी आधी वाकून पाण्याची रेघ बघितली, ते तिनं पलंगावरून बघितलं होतं.

मी उठलो. चाकावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो.

"बंद केल्यार तुमका भंय दिसतला," ती म्हणाली.

"दिसतला."

"दिसांदे," ती म्हणाली. वाटली भीती तर वाटू दे.

मी चाक पाव वळसा आवळलं आणि तिच्या पलंगाशी जाऊन बसलो.