केरबाची हलगी रेघांत बसेना

डॉल्बी या वस्तूशी माझं जुनं वैर आहे. मिरवणूक आमच्या पेठेतून निघाली की माझ्या फडताळातली भांडी आपोआप वाजायला लागतात. त्यामुळे शेजारचा केरबा छप्पन्नाव्या वर्षी डीजे शिकायला निघालाय हे कळलं, तेव्हा मी आधी हसलो आणि मग भडकलो. "लेका, आता भिंतीपलीकडंच दुश्मन निघाला व्हय?" असं मी त्याला दारातच विचारलं. तो चप्पल घालता घालता म्हणाला, "गणपतराव, तुमी बी चला. लिवून घ्यायला मानूस पायजे."

मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. दुसऱ्याचं लिहून देण्यात आणि घेण्यातच जन्म गेला. गेलो.

केरबा पाणी खात्यात चावीवाला. रस्त्यातलं झाकण उचलायचं, लांब लोखंडी चावी घालून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि गल्लोगल्ली पाणी सोडायचं, हे त्याचं काम. पण पेठेत त्याची ओळख वेगळीच. तालमीत मर्दानी खेळ असला की हलगी केरबाचीच, हे गेली तीस वर्षं ठरलेलं. त्याची मुलगी क्रांती त्याच हलगीवर लाठी शिकली. आज ती बावीस वर्षांची आहे आणि जिल्ह्यात तिच्या लाठीला नाव आहे. आई लहानपणीच गेली. क्रांतीला बापानं आणि हलगीनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल.

या उन्हाळ्यात केरबाचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. डॉक्टरांनी चावीही बंद केली आणि हलगीही. चावीचं त्याला काही वाटलं नाही, खात्यानं टेबलाचं काम दिलं. हलगीचं मात्र फार लागलं, कारण दोन महिन्यांनी पेठ वडगावला क्रांतीचा खेळ होता. दुसरा हलगीवाला मिळत नव्हता अशातला भाग नाही. पण "पोरीचा पाय दुसऱ्याच्या हलगीवर उचलत न्हाय," असं केरबा म्हणायचा. क्रांतीनं तसं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

त्यानं मनाशी ठरवलं ते असं: कितीही दुखलं तरी एकदा पाच मिनिटं वाजवायचं, ते मशीनमध्ये भरायचं, त्याच्याखाली इलेक्ट्रॉनिक ठोका घालायचा आणि वडगावच्या स्टेजवर ते आपणच सोडायचं. पोरगी खेळणार ती आपल्याच हलगीवर.

क्लास राजारामपुरीत, जिन्यावरच्या एका खोलीत. भिंतींना काळा स्पंज चिकटवलेला आणि शिकवायला अदिती नावाची पंचविशीतली मुलगी. ती केरबाला काका म्हणायची, केरबा तिला म्याडम. मला ती आजोबा म्हणाली. ते मला आवडलं नाही, पण तिच्या पहिल्याच वाक्यानं मी तिला माफ केलं. ती म्हणाली, "काका, आधी मशीन विकत घेऊ नका. लॅपटॉप आणि एक बरा हेडफोन, सहा महिने एवढंच पुरे. मशीन माझ्याकडची वापरा." इतकं शहाणं बोलणारी शिक्षिका मी सरकारी नोकरीत कधी पाहिली नव्हती. वहीत पहिली ओळ ती.

त्यानंतरच्या ओळी मात्र लिहिताना माझं डोकं गरगरायला लागलं. गाणं चार-चारनं मोजा. असे चार चौक झाले की सोळा. गाणं बहुतेक सोळावर नाहीतर बत्तीसवर कूस बदलतं, दुसरं गाणं तिथंच सोडा, मध्येच घुसवू नका. इथपर्यंत ठीक. मग म्हणाली, एका कानाला हेडफोन लावून पुढचं गाणं ऐका आणि दुसरा कान उघडा ठेवून लोक ऐकतायत ते ऐका. केरबानं लावून बघितलं. पाच मिनिटांनी हेडफोन काढून घाम पुसत म्हणाला, "म्याडम, दोन कानांत दोन पावणं एकदम बोलायल्यात. उत्तर कुनाला देऊ?"

"दोन गाण्यांचा बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, एकदम सोडू नका," ती पुढे म्हणाली. "एकाचा उतरवा, मग दुसऱ्याचा चढवा. आणि हा लाल दिवा लागला की आवाज फाटला म्हणून समजा. नेहमी त्याच्या खाली राहायचं." मी विचारलं, मग आमच्या पेठेतल्या मिरवणुकीचं काय? "त्यांचा लाल कधी विझतच नाही, आजोबा," ती म्हणाली. आजोबा शब्द मला त्या दिवशी जरा कमी टोचला.

खरा घोटाळा तिसऱ्या आठवड्यात झाला. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, स्क्रीनकडे बघू नका, कानानं ऐका. आता म्हणाली, कान दमला की काहीही गोड लागतं, स्क्रीनवर बघून खात्री करा. मी वही उघडून तिला दोन्ही ओळी दाखवल्या. ती म्हणाली, "दोन्ही खरं आहे." आम्ही दोघं बसस्टॉपपर्यंत चालत गेलो. तिथं केरबानं विचारलं, "तुमास्नी कळलं?" मी म्हटलं, नाही. "मग बरं," तो म्हणाला.

हलगी भरायच्या दिवशी नवाच पेच. केरबानं कातडं ताठ व्हावं म्हणून कागद पेटवून हलगी शेकली, मांडीवर घेतली आणि नुसताच बसून राहिला. अदिती म्हणाली, "वाजवा की काका. हेडफोनमध्ये टिकटिक चालू आहे, तिच्या बरोबर वाजवायचं."

"टिकटिकीला पाय कुठं हायती?" केरबा म्हणाला.

तिला कळेना. मला कळलं. मर्दानी खेळात वाजवणारा हलगीकडे बघत नाही, खेळणाऱ्याच्या पायाकडे बघतो. पाय तापला की लय चढवायची, पाय अडला की धरायची. तीस वर्षं ज्यानं पाय बघून वाजवलं, त्याचा हात स्पंजच्या भिंतीकडे बघून कसा उठणार? शेवटी सगळा बाडबिस्तरा तालमीत न्यावा लागला. तांबड्या मातीत क्रांती लाठी फिरवत होती, अदिती रेकॉर्डर धरून उभी होती आणि मी मोबाइलवर चित्रण करत होतो. पाच मिनिटं केरबा दात आवळून वाजवत राहिला. संपल्यावर त्यानं उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी अदितीनं ते स्क्रीनवर उघडलं. तिथं सारख्या अंतरावर उभ्या रेघा असतात. प्रत्येक ठोका आपापल्या रेघेवर पडला तरच त्याच्याखाली दुसरा ठोका घालता येतो. केरबाची हलगी पहिल्या आठ रेघांवर नीट चालली आणि मग भरकटली. कुठं पुढं, कुठं मागं, पुन्हा पुढं. अदिती फार जपून म्हणाली, "काका, तुमची लय हलतेय. पण काही हरकत नाही, हे सरळ करता येतं." आणि तिनं सगळे ठोके ओढून रेघांवर बसवले.

केरबानं ते ऐकलं. मग परत पहिलं ऐकलं. आम्ही घरी आलो. दारात म्हणाला, "गणपतराव, तुमी तीस वरसं ऐकताय. खरं सांगा, मी बेताल हाय का?"

मी फटकन "छे" म्हणायला हवं होतं. पण मला खरोखरच ठाऊक नव्हतं. रेघा तर समोर दिसत होत्या, आणि मशीनला कशाला कुणाची भीड असेल? मी म्हटलं, "झोप जा आता." या उत्तराची मला अजून लाज वाटते.

सरळ केलेल्या हलगीवर क्रांतीनं तालमीत सराव केला आणि तीन ठिकाणी अडखळली. क्रांती अडखळलेली आम्ही कुणी कधी पाहिली नव्हती. तिनं चिडून लाठी खाली टाकली. मी मशीनला शिव्या दिल्या, नाचता येईना अंगण वाकडं असली ही विद्या म्हणालो. अदिती मात्र माझा मोबाइल मागून घेऊन लॅपटॉपसह कोपऱ्यात बसली. मी केलेलं चित्रण आणि मूळची हलगी तिनं स्क्रीनवर एकाखाली एक ठेवली. मग आम्हाला बोलावलं.

"इथं लय मागे पडलीय," ती बोट ठेवून म्हणाली, "आता क्रांतीचा पाय बघा." चित्रणात क्रांतीची डावी टाच घसरली होती, अगदी नखाएवढी. हलगी तिच्यासाठी थांबली होती. पुढं दुसऱ्या ठिकाणी लाठी हातात उशिरा आली. तिथंही हलगी थांबली होती. तिसऱ्या ठिकाणीही तेच. सरावात क्रांती अडखळली त्या याच तीन जागा. एकही जागा अशी निघाली नाही, जिथं कारण नसताना केरबाची लय हलली होती.

"काका, लय तुम्ही हलवली, चुकून हलली नाही," अदिती म्हणाली. "मीच चुकीचं बोलले."

केरबा हसला. पंधरा दिवसांनी हसला. मलाही इतकं हलकं वाटलं की मी अदितीच्या पाठीवर थाप मारली. क्रांती मात्र हसली नाही. ती चित्रण पुन्हा पुन्हा मागं नेऊन आपली टाच बघत होती. "म्हंजे मी कायमच चुकत आलोय," ती म्हणाली. "आनि मला वाटायचं, माजा पाय लई साफ हाय."

अदितीनं उपाय काढला. मशीनवर एक सरकणारी पट्टी असते. खाली ओढली की गाण्याची लय कमी, वर ढकलली की जास्त. काकांनी डाव्या हाताचं एक बोट पट्टीवर ठेवायचं आणि स्टेजवर पाय बघून सरकवायचं, खांद्याला त्रास नाही. केरबाचा चेहरा फुलला. एवढ्यात क्रांती म्हणाली, "न्हाय. आन्ना, पट्टीला हात लावायचा न्हाय. सरळ सोडायची. माजं मला कळू दे."

बाप बिचारा आमच्या तोंडाकडे बघत राहिला. पोरीसाठी तर हा सगळा खटाटोप, आणि हात लावायचा नाही म्हणजे करायचं तरी काय? थांबणं ही माया होती की अडवणूक, यावर मी अजूनही एका बाजूला होऊ शकलेलो नाही.

वडगावला चारच्या उन्हात कार्यक्रम सुरू झाला. टेबलावर लॅपटॉप आणि अदितीचं मशीन, केरबा उभा, मी शेजारी. त्यानं बरोबर चार मोजून हलगी सोडली, खालचा ठोका सोळावर आत आला, लाल दिवा लागला नाही. क्रांती फिरायला लागली आणि लोक पुढं सरकले. तिसऱ्या गिरकीला तिची डावी टाच घसरली. केरबाचं बोट पट्टीवर गेलं. मी ते स्पष्ट पाहिलं. मग त्यानं हात मागं घेतला आणि मूठ आवळून पाठीशी धरली. हलगी थांबली नाही. दोन पावलं क्रांती हलगीच्या मागं पडली, ओठ चावत तिनं तिसरं पाऊल लांब टाकलं आणि लय पकडली. लोकांना पत्ताही लागला नाही. केरबाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही त्यानं मूठ सोडली नाही.

टाळ्या संपायच्या आत क्रांती टेबलाशी आली.

"आन्ना, हात लावलासा?"

"न्हाय."

"मग सांगा. कुठं चुकलो?"

"तिसऱ्या गिरकीला," केरबा म्हणाला. "डावी टाच आदी टेकतीस, म्हनून घसरतीया. ल्हानपनापास्नं टेकतीस."

"ल्हानपनापास्नं? मग आजवर का न्हाय सांगितलासा?"

केरबानं मूठ सोडून डोळे पुसले. मग म्हणाला, "हातात हलगी हुती न्हवं. सांगायला कशाला लागतंय?"

क्रांतीनं लाठी टेबलाला टेकवून ठेवली, चवडा उचलून डावा पाय बापापुढं केला आणि म्हणाली, "आता दावा."