चहा होईपर्यंत

दुपारचे अडीच वाजलेत. जनावरांच्या दवाखान्यातली वर्दळ ओसरली आहे. डॉ. केतकी ठोंबरे पाच मिनिटं म्हणून खुर्चीतच डोकं मागे टेकवते. डोळे मिटतात, पण समोरून पिंजरा काही हलत नाही. पंधरा दिवसांत त्यात ठेवलेली कुत्र्याची दोन पिल्लं पार्व्होच्या साथीनं गेली. आली होती साध्या दुखण्यानं, रोग लागला तो इथंच. आज पोस्टातल्या सुमनताई त्यांचं पिल्लू सलाईनसाठी आणणार आहेत. ठेवून घ्यावं तर ही भीती. परत पाठवावं तर दुसरा दवाखाना चाळीस किलोमीटरवर.

पंख्याची घरघर लांब जाते.

"डॉक्टरीणबाई, मान अवघडंल."

दारात हैबतीमामा. तीस वर्षं त्यांनी इथं जनावरांच्या जखमा बांधल्या, पिंजरे धुतले. गेल्या पौषात वारले. केतकी त्यांच्या दहाव्याला गेली होती. हे तिला आठवतं, पण नवल वाटत नाही. ती उठून त्यांच्याकडे धावते.

"तितंच थांबा! आदी पाय बुडवा."

उंबऱ्याशी औषधाच्या पाण्याचा ट्रे असतो, तो आता कालव्याएवढा रुंद झालाय. फिनेलचा वास येतोय आणि मधोमध एक म्हैस निवांत बसली आहे.

"मामा, तुम्ही कसे आलात?"

"रीतीनं. तिकडंबी पाय बुडवूनच आत घेत्यात. म्या म्हनलं, झ्याक! हितंबी कुनीतरी शानं हाय."

ती हसत पाण्यात उतरते आणि पिंजऱ्याच्या आत असते. पिंजरा खोलीएवढा आहे, कोपऱ्यात चूल पेटली आहे. मामा काथ्यानं साबण लावून सांदीकोपरे घासतायत.

"ब्लिचिंगचं प्रमाण मी बरोबर घेते, मामा. मोजून. रोज ताजं. तरी दोन गेली."

"आन् वतल्यावर?"

"लगेच फडक्यानं पुसते. बाहेर गर्दी असते ना."

मामा पिंजऱ्यात औषधाचं पाणी ओततात आणि चुलीवर चहाचं पातेलं ठेवतात.

केतकीनं हे रोज पाहिलं होतं. पिंजऱ्यात औषध ओतलं की मामा चहा टाकायचे, सावकाश प्यायचे आणि मगच पाणी मारायचे. रुजू झाली त्या महिन्यात तिनं सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "कामाच्या वेळी चहा बंद." मामा नुसतं 'बरं' म्हणाले. त्यानंतर ते तेवढाच वेळ रिकाम्या हातांनी पिंजऱ्यासमोर उभे राहायचे. तिला वाटलं होतं, रुसलेत.

"जंतू मरायला दहा मिनिटं लागतात," ती पुटपुटते. "मी परीक्षेत लिहिलं होतं हे. तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमी शिकल्याल्या. म्या म्हनलं, ठावं आसंल." मग ते मिश्कील हसतात. "आन् रुसलो बी हुतो जरा."

"चुकलं माझं, मामा."

"ऱ्हाऊ द्या. चा घ्या."

ते बोट औषधात बुडवतात आणि तिच्या निळ्या बाहीवर टेकवतात. "ह्यो रंग उडूस्तवर फडक्याला हात लावायचा न्हाई. त्येला त्येचं काम करू द्या."

पातेल्यात उकळी फुटते, वर येते, वर येते...

केतकी जागी होते. घड्याळात दोन चाळीस. चूल नाही, मामा नाहीत. उजव्या बाहीवर, मनगटाशी, बोटाच्या पेराएवढा पांढरट डाग आहे. सकाळी औषध कालवताना उडालं असेल, ती स्वतःला समजावते. पण सकाळी बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या होत्या. तिला पक्कं आठवतंय.

ती पिंजरा साबणानं घासून काढते, धुते. मोजून औषध ओतते. फडकं खुंटीलाच राहू देते. मामांचा स्टोव्ह फळीखालून काढून पेटवते.

सुमनताई टोपली घेऊन दारात येतात. आत पिल्लू धापा टाकतंय.

"ठेवून घेता ना, मॅडम?"

केतकीचा अंगठा बाहीवरच्या डागावर फिरतो.

"घेते. पण चहा होईपर्यंत तिथंच बसा, ताई. आणि आत येताना पाय बुडवून या."