अण्णांचा शनिवारचा फोटो

राहुरीला पाण्याचा तोटा नाही, मुळा धरण उशालाच आहे. पण त्या गोड्या पाण्यात मापानं मीठ कालवत बसणारा माणूस गावात एकच: पुंजाराम अण्णा. कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत चौतीस वर्षं आंब्याची कलमं बांधली, आणि निवृत्त झाल्यावर गळ्यात येऊन पडला समुद्र. दोन फुटी, काचेचा, टीव्हीच्या शेजारी.

समुद्र तसा मुलाचा, हर्षलचा. नोकरीसाठी मस्कतला जाताना तो बापाच्या हवाली करून गेला. त्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी, आणि नखाएवढ्या तुकड्यापासून तळहाताएवढं वाढवलेलं प्रवाळ.

"अण्णा, नाही जमलं तर सांगा. पुण्यात एक जण घ्यायला तयार आहे."

अण्णांना ते लागलं. "चौतीस वर्षं कलमं जगवलीत मी. हे बी कलमच हाय, बुडवून ठेवलेलं."

दर शनिवारी फोटो पाठवायचा, एवढीच अट. आणि त्या फोटोनं एक नवल केलं. एरवी बापलेकांचं बोलणं 'जेवलास का', 'हो', 'आईला देतो' एवढ्यात उरकायचं. आता प्रवाळाला नवं बोंड आलंय की नाही यावर अर्धा अर्धा तास चालायला लागलं. टाकी पुण्याला गेली की हे बोलणंही तिच्यामागं जाणार, हे अण्णा कुणाला बोलले नव्हते. पण त्यांची खरी धास्ती तीच होती.

फोटो मात्र धड येईना. कधी काचेत अण्णांचा बनियन दिसायचा, कधी निळ्या दिव्याखाली मासे नीळ घातलेल्या धोतरासारखे. त्यावर अण्णांनी गणपतीच्या आराशीतला पिवळा जिलेटीनचा कागद मोबाईलच्या भिंगावर चिकटवला. रंग सुधारले, पण पाणी हलायचं ते हलायचंच. शेवटी हर्षलनं युक्ती सांगितली: पाण्यात हवा खेळवणारा पंप पाच मिनिटं बंद ठेवा, पाणी संथ होतं.

चैत्रातल्या त्या शनिवारी दहा वाजता अण्णांनी पंप बंद केला. पाणी आरशासारखं झालं. जोडी प्रवाळावर येऊन अशी उभी राहिली, जणू लग्नाच्या स्टेजवर. अण्णांनी फोटो काढला. इतका चांगला आजवर आला नव्हता. तेवढ्यात धाकट्या भावाचा, श्रीमंतचा, शेतावरून फोन.

"अण्णा, पाटाला पाणी आलं! खोरं घेऊन ये, न्हाईतर खालचे वळवून नेत्याल."

पाटाचं पाणी म्हटल्यावर माणूस चप्पलसुद्धा उलटी घालून पळतो. अण्णा पळाले.

घरात बायको, कडूबाई. त्यांच्या इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालायचे, पंप चालायचा नाही; मोटरीचा लोड नको म्हणून वायरमननं तो वेगळा काढला होता. त्यामुळं टाकीचा दिवा चालू आणि पंप गप्प, याचा त्या घरात एकच अर्थ होता: लाईट गेली. त्यात त्यांच्या आळीत लाईट जायचा वारही शनिवारच. कडूबाईंनी मिक्सरला हात लावला नाही. पाट्यावर चटणी वाटली, लाईटवाल्यांच्या नावानं बोटं मोडली आणि पंख्याखाली आडव्या झाल्या.

चार वाजता अण्णा चिखलाच्या पायांनी आले. "पंप का बंद हाय?"

"लाईट गेली न्हवं का, सकाळपासनं."

अण्णांनी बटण दाबलं. पंप घरघरायला लागला. कडूबाई आधी पंपाकडं, मग पाट्याकडं बघत राहिल्या. टाकीत मोठी मादी तळाशी आडवी पडली होती. प्रवाळ मिटून सुपारीएवढं झालं होतं. नर तेवढा वर येऊन तोंड उघडमीट करत होता.

संध्याकाळी फोटो पाठवायची वेळ झाली. अण्णा मोबाईल धरून बसले. सकाळचा फोटो खोटा थोडाच होता? पाठवला.

मिनिटात फोन. "अण्णा! एक नंबर! पंप बंद केला होता ना? परत चालू केला का?"

अण्णांच्या तोंडून निसटलं, "लाईट गेल्ती."

"व्हय रे बाबा," कडूबाई आतून, खरं बोलल्यासारखं ओरडल्या, "पाट्यावर चटणी वाटली मी!"

एवढी भक्कम साक्ष आजवर कुणासाठी उभी राहिली नसेल. अण्णांना तीच सोसली नाही.

"न्हाई हर्षल. लाईट हुती. मीच बंद करून गेलो शेतावर. मोठी गेली."

पलीकडून, "आणि प्रवाळ?"

"मिटलंय."

"बरं." फोन ठेवला. जेवलात का, हेही विचारलं नाही.

आठवडाभर फोन नाही. प्रवाळ उघडलं नाही, पण वाळलंही नाही. अण्णा सकाळी उठून चूळ भरायच्या आधी पंपावर हात ठेवून बघायचे, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.

शनिवारी त्यांनी पुन्हा पिवळा कागद चिकटवला. पंपाच्या बटणाकडं बघितलं, आणि हात मागं घेतला. फोटो आला तो पार हललेला: एक केशरी ओघळ, बाजूला राखाडी गोळा. तोच पाठवला.

तासाभरानं उत्तर आलं. "फोटो हललाय."

अण्णांनी एक एक अक्षर शोधून लिहिलं: "पंप चालू हाय."

मोबाईल मांडीवर ठेवून ते टाकीसमोर बसले. थोड्या वेळानं फोन वाजला.