आमचे देव पाण्यात होते

सासूबाईंनी देव पाण्यात घातले त्या सकाळी मला धीर आला. खोटं कशाला सांगू? तोवर माझा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. मुलींच्या शाळेत शिकलेली मी, नवरा सरकारी कचेरीत कारकून, रविवारी लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचत बसणारा. सासूबाईंच्या सोवळ्याची आम्ही दोघं आपसात थट्टा करत असू. पण माझा मुलगा तापानं फणफणला होता. अडीच वर्षांचा, माझं पहिलं आणि तोवरचं एकुलतं मूल. अशा वेळी घरात कुणीतरी ठामपणानं काहीतरी करतंय, एवढंच मला पुष्कळ वाटलं.

ते मानमोडीच्या साथीचं वर्ष. दसरा झाला आणि बडोद्यात माणसं आडवी व्हायला लागली. सकाळी मान दुखते म्हणून निजलेला माणूस आठवड्याच्या आत विश्वामित्रीच्या काठी, मसणात गेलेला असे. वाडी भागातली आमची पोळ, म्हणजे दाटीनं घरं असलेली गल्ली, एरवी इतकी गजबजलेली, की शेजारच्या घरात काय भाजी शिजतेय ते न विचारता कळायचं. त्या दिवसांत नुसतं खोकणं ऐकू यायचं. सगळ्यांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या. आमचे हे सरकारी दवाखान्यात रांग लावून बाटलीतलं लाल औषध आणत, मी सुंठ-तुळशीचा काढा उकळत असे, आणि पोरगं दोन्ही ओकून टाकायचं.

तेव्हा सासूबाईंनी तांब्याचं घंगाळ घासून घेतलं. देव्हाऱ्यातले झाडून सगळे देव त्यात ठेवले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, खंडोबाचा आणि देवीचा टाक. मग विहिरीचं गार पाणी त्यांच्या डोक्यावरून जाईल इतकं ओतलं, वर तुळशीचं पान सोडलं. हात जोडून पुटपुटल्या आणि उठल्या. जणू एखाद्या कामचुकार माणसाला तंबी दिली होती.

आमच्या घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहत. गुजराती वैष्णव, मांडवीत त्यांचं कापडाचं दुकान. त्यांना सगळी पोळ बेन म्हणे, मीही बेन म्हणे, आणि त्याही मला बेनच म्हणत. त्यांच्या घरच्या ठाकोरजींचे, म्हणजे देव्हाऱ्यातल्या कृष्णाचे, काय लाड होते म्हणून सांगू! थंडीत कापसाची रजई, उन्हाळ्यात पंखा, दुपारी जेवण झालं की झोप. त्या वेळी जिन्यात कुणी मोठ्यानं बोललं तर बेन तोंडावर बोट ठेवून बाहेर येत. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा आणि माझा, दोघं त्यांच्या उंबऱ्यावर बसून ठाकोरजी उठायची वाट बघत, कारण उठल्यावर खडीसाखर मिळे.

तर या बेन मुलाची चौकशी करायला वर आल्या आणि घंगाळ पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"माजी, आ शुं? एमने टाढ वागशे," त्या म्हणाल्या. म्हणजे, हे काय, त्यांना गारठा बाधेल.

"बाधू दे की," सासूबाई म्हणाल्या. "आमचे गारठ्याशिवाय हलत नाहीत. नाकातोंडात पाणी गेलं की येईल आठवण. पोराचा ताप उतरला की काढीन बाहेर."

जाताना बेननी पदरानं डोळे टिपले. ते देवांसाठी होतं की माझ्या मुलासाठी, मला कळलं नाही. मला हसू आलं होतं, हे मात्र आठवतं. घरात त्या दिवसांत हसू येण्यासारखी तेवढीच गोष्ट घडली होती.

रोज सकाळी न्हाऊन सासूबाई घंगाळातलं पाणी बदलत, नवं पान घालत. ताप काही उतरेना. उलट एके दिवशी पाणी बदलता बदलता त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. मी हात लावून पाहिला तर अंग चटके बसण्यासारखं तापलेलं. मग एका खोलीत दोन अंथरुणं झाली. हे कचेरीतून रजा घेऊन आले, ते एकाच्या उशाशी, मी दुसऱ्याच्या. सासूबाई तापात बरळत, तेही घंगाळाबद्दलच. पाणी बदललंस का गं? गारच घातलंस ना? मी बदलत होते. गारच घालत होते.

त्या गेल्या. म्हातारपणानं जायच्या वयाच्या नव्हत्याच त्या, केस अजून काळे होते. खांदा द्यायला माणसं मिळेनात, लाकडं मिळेनात, भटजी मिळाले ते स्वतःच खोकत होते. आमचे हे सगळं आटोपून आले आणि मुलाच्या अंथरुणापाशी कपडे न बदलताच निजले.

आणि आम्हाला सुतक लागलं.

ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांना सुतक म्हणजे काय ते कळायचं नाही. एरवी ते नुसते थोडे दिवस असतात. देवाला शिवायचं नाही, दिवा लावायचा नाही, हात जोडायचेसुद्धा नाहीत. दुःखाची पहिली कळ ओसरेपर्यंत ते निघूनही जातात. पण माझं मूल आत धापा टाकत होतं! घर पेटलेलं असताना विहिरीला शिवू नका म्हणावं, तसं झालं होतं माझं. आयुष्यात पहिल्यांदा मला खरोखर देवापुढे डोकं आपटावंसं वाटत होतं, आणि तेवढीच एक गोष्ट मला मना होती.

यांना मी ते सांगितलं. हे म्हणाले, "तू कशाला मानतेस असलं? लाव जाऊन हात. काही होत नाही."

"आणि झालं तर?" मी म्हटलं.

यांनीही हात लावला नाहीच की. पुस्तकं वाचून आलेलं सगळं शहाणपण त्या देवघराच्या दाराशी संपलं, माझंही आणि यांचंही.

घंगाळातलं पाणी तसंच राहिलं. तुळशीचं पान काळं पडलं, पाण्याला वास यायला लागला. मी मुलाला मांडीवर घेऊन देवघराच्या दारात बसत असे आणि तिकडे बघत असे. मनात म्हणे, कुजक्या पाण्यात तरी आठवेल का रे तुला? बाहेर राहून नाही आठवलं, गार पाण्यात नाही आठवलं. आम्ही इथे राहतो. वाडीत, या पोळेत, वरच्या मजल्यावर. आणखी कसं सांगायचं?

बेनना ते पाणी बघवेना. त्या म्हणाल्या, "तुम्हाला सुतक, मला तर नाही ना? मी बदलते." आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी न्हाऊन, ओलेत्यानं, त्या वर यायला लागल्या. आमच्या घरात पाऊल टाकलं म्हणून खाली जाऊन पुन्हा न्हायच्या, मग आपल्या ठाकोरजींच्या सेवेला लागायच्या. साथीच्या दिवसांत, थंडी पडायला लागलेली असताना, सकाळी दोन दोन वेळा न्हाणं! माझं त्यांच्याशी रक्ताचं नातं नव्हतं की भाषेचं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी पाणी ओतलं तर वाफ दिसली. बाईनं कोमट पाणी आणलं होतं.

"कोमट नको, बेन," मी दारातून म्हटलं. "गारच घाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं विहिरीचं पाणी आणलं. देवांना जराही सुख मिळालेलं मला तेव्हा खपलं नसतं.

मग बेनचाही मुलगा पडला. मला वाटलं, आता या येणार नाहीत. पण त्या आल्या. उलट घंगाळापाशी जास्त वेळ बसायला लागल्या. ओठ हलत, पाठ थरथरत असे. मी दारात बसून बघत असे. आतून माझ्या मुलाचा खोकला आणि खालून त्यांच्या मुलाचा. तेच लाल औषध, तोच काढा, तोच कापूर.

एका दुपारी माझा मुलगा गेला. फार काही झालं नाही. घोंगडी टोचते म्हणून कुरकुरला, मी घोंगडी काढून माझं लुगडं पांघरलं, तर तो गप्प झाला. मला वाटलं बरं वाटलं असेल. जरा वेळानं यांनी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि उचललाच नाही. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. हे त्याला उचलून घेऊन गेले, खांद्याशी डोकं धरून, झोपलेल्या मुलाला नेतात तसं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते.

ते गेल्यावर मी देवघरात गेले. शिवले नाही, नुसतं वाकून पाहिलं. बाळकृष्ण पाण्याच्या तळाशी होता. एक गुडघा टेकलेला, हातात लोण्याचा गोळा, मान वर केलेली. माझा मुलगा अस्साच रांगायचा. मला रडू आलं नाही. संताप आला. असा संताप मला आयुष्यात पुन्हा कुणाचा आला नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "बस आता तिथेच."

त्यानंतर दोन दिवसांनी असेल, खालून बेनच्या मुलाचा आवाज आला. भूक लागली म्हणून आईवर चिडला होता. पोळेतल्या बायका जिन्यापाशी जमल्या, कुणीतरी हसलंसुद्धा. पोरगं वाचलं म्हणून मला आनंद झाला, आणि तो आवाज कानांवर पडला की उठून कुठेतरी निघून जावंसं वाटे. दोन्ही खरं होतं. मी दार लावून घेतलं.

सुतक फिटलं. घर सारवून झालं, गोमूत्र शिंपडून झालं. यांनी विचारलं, "देवांचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? मागणं पुरं झालं की काढायचे असतात," मी म्हटलं. "झालं का पुरं?"

हे बाहेर जाऊन बसले. देव पाण्यात राहिले. आता मी शिवू शकत होते, पण पाणी मी बदललं नाही. बेनही येईनाशा झाल्या होत्या. येणार कशाला, असं मला वाटलं.

एका सकाळी त्या आल्या. न्हाऊन, ओलेत्यानं, पहिल्यासारख्याच. आत न येता दाराशी उभ्या राहिल्या. त्या गुजराती बोलत आणि मी मराठी, आमचं नेहमी तसंच चाले.

"बेन, देवांना आता बाहेर काढा," त्या म्हणाल्या.

"का?"

त्या पदराचं टोक पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाणी बदलताना मी पण मागत होते. आधी तुमच्या दीकऱ्यासाठीच मागितलं, मुलाच्या गळ्याची शपथ. मग माझा पडला. मग दोघांसाठी मागितलं. रोज दोघांसाठी. माझा उठला. आता यांना पाण्यातच ठेवलं तर ते रागावतील. माझ्या मुलावर रागावतील."

म्हणजे ऐकू आलं होतं तर. इतके दिवस मी धरून चालले होते की देवाला आमची आठवण नाही. एवढी माणसं मरताहेत, राहिलं असेल एखादं घर. त्या समजुतीवर मी कशीबशी उभी होते. विसरलेल्याला निदान आठवण तरी करून देता येते. पण इथे तर रोज सकाळी माझ्याच देवघरात, माझ्याच देवांपुढे, एक बाई थंडीनं कुडकुडत दोन मुलांची नावं घेत होती. त्यातलं एक ऐकलं गेलं होतं. दुसरंही ऐकलं गेलंच असणार.

मी घंगाळापाशी बसले. पाण्यात हात घातला, एकेक देव बाहेर काढला, पंच्यानं पुसला आणि ताम्हनात ठेवला. टाकांवर हिरवट डाग पडले होते. सगळे निघाल्यावर मी ताम्हन उचलून बेनपुढे धरलं.

"घेऊन जा यांना खाली," मी म्हटलं. "तुमचं ऐकतात."

मी ते चिडून म्हटलं नव्हतं. मला खरंच ते द्यायचे होते. त्या दोन पावलं मागे सरल्या, दोन्ही हात पाठीमागे नेले, जसं काही मी निखारे पुढे केले होते. "एवुं ना बोलो, बेन," म्हणाल्या, असं बोलू नका. मग उंबऱ्याबाहेरच खाली वाकल्या, जमिनीला कपाळ टेकलं, आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मी ताम्हन धरून तशीच उभी.

त्या गेल्यावर मी देव जागच्या जागी मांडले. सासूबाईंच्या मागे त्यांचं करायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी करायला लागले आणि आजपर्यंत करते आहे. फूल वाहते, दिवा लावते, नैवेद्य दाखवते. सणवार चुकवत नाही. पुढे मला दोन मुली झाल्या. त्यांनाही ताप आले, धाकटीला तर गोवर असा बाधला की डॉक्टरांनी मान हलवली होती. त्या रात्री यांनी मला विचारलं, "देवाला काही बोललीस का?" तोवर हे तेवढे बदलले होते.

मी नाही म्हटलं आणि मुलीच्या कपाळावरची पट्टी बदलली. देवघर समोरच होतं, समई जळत होती. पूजा मी करते, पण मागण्याएवढी आमची ओळख राहिलेली नाही.